एका चार्जरची रीतसर खरेदी

३ मार्च, मंगळवार. सकाळी ८.१०

बाबांच्या टॅबलेटचा चार्जर गेला. वायरीची मान दोन महिने वाकडी होती, आज जळका वास आला आणि खेळ खलास. मी आधीच सांगितलं होतं. कुणाला सांगितलं होतं ते आठवत नाही, पण सांगितलं होतं.

टॅबलेट म्हणजे बाबांचा आवाज. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ते टाइप करतात आणि टॅबलेटमधली बाई ते मोठ्याने वाचून दाखवते. बाई ठणठणीत बोलते. माझ्याबद्दल जरा जास्तच.

बाबांनी एकतीस वर्षं घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारले. १८ तारखेला तिथे नव्या शेडचं उद्घाटन आहे आणि पहिला लिलाव बाबांनीच पुकारायचा, असं व्यापाऱ्यांनी ठरवलंय. त्यासाठी बाबांनी नातीकडून, म्हणजे माझ्या मुलीकडून, टॅबलेटवर आकड्यांची बटणं करून घेतली आहेत. बटण दाबलं की बाई ओरडते, 'दोनशे दहा! दोनशे वीस!' गेले पंधरा दिवस घरात हाच धिंगाणा.

फोनचे चार्जर घरात तीन आहेत, पण त्यांची पिन याला बसत नाही. बायको म्हणाली, कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे मिळेल, येताना घेऊन या. येताना घेऊन या! मी पंपाच्या कंपनीत बावीस वर्षं खरेदी विभागात आहे. दिसेल ते उचलून आणणाऱ्यांमुळेच कंपन्या बुडतात.

निश्चय: (१) दोन दिवसांत उत्तम चार्जर, कमीत कमी भावात. (२) चिडायचं नाही. डॉक्टरांनी बीपीबद्दल बजावलंय.

बॅटरी ६१ टक्के. भरपूर आहे.

८.२५. निश्चय क्र. २ मोडला. दोष बायकोचा. 'आणाल ना नक्की?' असं विचारलं.

४ मार्च, बुधवार

ऑफिसात लंचमध्ये कम्पॅरिझन शीट केली. चौदा चार्जर, नऊ रकाने. व्होल्ट, अँपियर, वायरीची लांबी, वॉरंटी, रंग. ज्युनियर डोकावून म्हणाला, सर, नवीन टेंडर का? हो म्हणालो. प्रत्येक खरेदी टेंडरच असते. त्याला कळणार नाही.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेलो. विकत घ्यायला नाही, मार्केटचा अंदाज घ्यायला. त्याने विचारलं, टॅबलेट कुठलाय? म्हटलं, घरी आहे. किती वॉटचा लागतो? म्हटलं, प्रश्न विचारणं हे गिऱ्हाइकाचं काम असतं. त्याने एक डबी पुढे ठेवली, हाच बसेल म्हणाला. मी एक तृतीयांश भाव सांगितला. नेगोशिएशनची ती प्राथमिक पायरी आहे, कुणीही सांगेल.

त्याने डबी उचलली आणि परत फळीवर ठेवली. सावकाश. वाद घातला असता तर चाललं असतं. पण तो सावकाशपणा मी विसरणार नाही. त्या दुकानात आता पाऊल ठेवणार नाही.

५ मार्च, गुरुवार

ऑनलाइन ऑर्डर दिली. सर्वांत स्वस्त, साडेचार स्टार. मोबाइलवाल्याच्या निम्म्याहून कमी. रविवारी येणार. बायकोला भावातला फरक दाखवला. ती म्हणाली, आणि बॅटरी? बायकांचं लक्ष नेहमी नको तिथे.

बॅटरी ४० टक्के. बाबांसाठी नियम केले: फक्त आवश्यक तेवढंच बोलायचं, लिलावाची प्रॅक्टिस बंद, ब्राइटनेस कमी. बाबांनी टाइप केलं आणि बाई ओरडली, 'ब्राइटनेस कमी केलास तर मला दिसत नाही.' एवढ्या तक्रारीत अर्धा टक्का गेला! ते मी त्यांना समजावून सांगितलं. त्यावर बाई म्हणाली, 'बरं.' पुन्हा खर्च.

८ मार्च, रविवार

ॲपवर लिहिलंय, पार्सल पोचलं. कुठे पोचलं? माझ्या डोक्यावर? वॉचमनला फैलावर घेतलं. शेजारच्यांकडे गेलो, त्यांनाही बोलावं लागलं. कस्टमर केअरच्या बाईला पंचवीस मिनिटं धारेवर धरलं. शेवटी कळलं की ती बाई नव्हतीच, रेकॉर्डिंग होतं. तरी म्हटलं, ऐकून घे.

संध्याकाळी. पत्ता आमच्या जुन्या घराचा पडलाय. ॲपने परस्पर टाकला. मुलगी मला म्हणते, बाबा, तुम्हीच टाकला होता, दिसतंय इथे. ॲपचीच बाजू घेते. हल्लीच्या मुलांचं असंच.

बॅटरी १९. बाबा आज फक्त सहा वाक्यं बोलले. त्यांतली चार चार्जरबद्दल.

९ मार्च, सोमवार

अर्धा दिवस रजा टाकून जुन्या घरी गेलो. नव्या भाडेकरूने पार्सल उघडून ठेवलं होतं. जाब विचारला. तो म्हणाला, माझ्या पत्त्यावर आलं म्हणून उघडलं. हा काय खुलासा झाला?

घरी आलो. पिन बसेना. जोर लावला, तेव्हा बाबांनी माझा हात धरला. ही पिन फोनची आहे. तसले तीन घरात आहेतच. आता चार झाले.

पिनचा प्रकार जाहिरातीत लिहिला होता, असं मुलीने वाचून दाखवलं. खाली, लहान अक्षरांत. चौदा चार्जरांचे नऊ रकाने भरणाऱ्या माणसाने आणखी लहान अक्षरंही वाचायची? माझ्या शीटमध्ये पिनचा रकाना नव्हता हे खरं. पण एवढी मूलभूत गोष्ट विक्रेत्याने गृहीत धरायला हवी.

परत पाठवायचा तर पाठवणीचा खर्च आपला. उद्या चढ्या आवाजात ईमेल.

११ मार्च, बुधवार. दुपारी ४.२०

टॅबलेट बंद पडला. मी आज घरीच होतो, बीपीमुळे. बाबा मला काहीतरी सांगत होते. बाई म्हणाली, 'उद्या येताना कोप,' आणि काळी झाली.

बाबा काळ्या काचेकडे बघत राहिले. मग टॅबलेट रुमालाने पुसला आणि उशाशी ठेवला. बायकोच्या डोळ्यांत पाणी. यात रडण्यासारखं काय आहे? मशीन आहे ते. बायकोला तसं म्हटलं. ती आत निघून गेली आणि आतून भांड्यांचा आवाज आला. आमच्या घरात भांडी माझ्याविरुद्धच वाजतात.

५.००. बाबांनी पेन्सिलीने कागदावर अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करून दिलं. 'उद्या येताना कोपऱ्यावरून चार्जर आण.' बस्स, एवढंच! मला वाटलं, काहीतरी महत्त्वाचं असेल.

१२ मार्च, गुरुवार

एक गोष्ट कबूल करायला हवी. घर शांत आहे. बाबांशी एवढ्या वर्षांत झाला नव्हता एवढा संवाद आज झाला. त्यांच्याजवळ बसून खरेदीचं तत्त्व समजावलं. घाई हा खरेदीदाराचा शत्रू, पहिला भाव हा भाव नव्हे, वगैरे. चाळीस मिनिटं. एकदाही विरोध नाही. आता त्यांना माझं म्हणणं पटू लागलंय.

बायको म्हणते, ते झोपले होते. डोळे अर्धे उघडे होते. मी बघितले.

१३ मार्च, शुक्रवार

काम फत्ते! स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर एका माणसाने चादरीवर चार्जर मांडले होते. अडॅप्टर वेगळा, वायर वेगळी. पिन नीट तपासून घेतली. चुकांतून शिकतो तो मी. घासाघीस करून सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर आणला. त्याने मला 'काका' म्हटलं, तेवढं सोडून दिलं. एक्कावन्न वर्षांचा माणूस काका होत नाही.

डबीवर एका मोठ्या कंपनीचं नाव आहे, फक्त एक अक्षर जास्त. एक्स्पोर्टचा माल असेल.

लावल्याबरोबर टॅबलेट सुरू. बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बायकोकडे मी बघितलं. नुसतं बघितलं, बोललो काही नाही. कधीकधी न बोलण्यातच मजा असते.

७.४०. तासात तीन टक्के. अडॅप्टर गरम होतोय. गरम होतोय म्हणजे काम करतोय. आमचे पंपही होतात.

१४ मार्च, शनिवार. सकाळी ७.०५

आंघोळीला गेलो होतो. बाहेरून आरडाओरडा. 'तीनशे दहा! तीनशे वीस! तीनशे दहा! आलं, गेलं, दिलं!' साबणासकट बाहेर आलो. टॅबलेट चार्जिंगला एकटाच पडला होता. कुणाचा हात नाही, बोट नाही. स्क्रीन आपोआप नाचत होता आणि बाई स्वतःच लिलाव पुकारत होती. वरच्या मजल्यावरची म्हातारी दारात येऊन भाजी काय भाव, असं विचारून गेली.

मुलगी म्हणाली, चार्जर खराब असला की असं होतं, आधी काढा तो. मी म्हटलं, टॅबलेट जुना झालाय. बाबा हसत होते. त्यांचं हसणं आता ऐकू येत नाही, खांदे तेवढे हलतात. बराच वेळ हलत होते. एवढं हसायला काय झालं?

मुलीने चार्जर काढला. मी तो परत लावला. घरात निर्णय एकानेच घ्यावा.

१५ मार्च, रविवार

फट् झालं. घरभर अंधार, म्हणजे दिवसा जेवढा होतो तेवढा. फ्यूज उडाला. अडॅप्टरला भोक पडलंय. टॅबलेट पुन्हा बंद, आणि या वेळी काहीही लावलं तरी हूं नाही की चूं नाही.

कुणी काही बोललं नाही. हे जास्त वाईट. बोलले असते तर उत्तर देता आलं असतं.

१६ मार्च, सोमवार

बायको मला न विचारता टॅबलेट कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे घेऊन गेली. मी दुकानात शिरलो नाही, समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. शब्द म्हणजे शब्द. तिने येऊन सांगितलं: आतला चार्जिंगचा भाग जळलाय, नवा भाग मागवायला लागेल, आठवडा. दोन दिवसांत होणार नाही. हा चुकीचा चार्जर कुणी दिला, असंही तो विचारत होता म्हणे. भोचक.

तडक स्टेशनवर गेलो. चादरवाला गायब. त्याच जागी एक माणूस मोजे विकत होता. त्याला विचारलं, इथला चार्जरवाला कुठे? तो म्हणाला, माहीत नाही, मोजे बघा. मी त्याला चांगलं झापलं. फुटपाथवर बसणाऱ्यांची जबाबदारी, गिऱ्हाइकाचा विश्वास, सगळं सुनावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

मोज्यांचे सहा जोड आणले. भाव चांगला होता.

१७ मार्च, मंगळवार

परवापासून बाबांनी कागदावरही काही लिहिलेलं नाही. नुसते खिडकीत बसून असतात. बोटं मात्र चाळवत असतात. बायको म्हणाली, व्यापाऱ्यांना फोन करून सांगा, बाबांना जमणार नाही म्हणून. म्हटलं, का जमणार नाही? मी आहे ना.

तोडगा साधा आहे. लिलाव मी पुकारतो. बाबांनी नुसतं शेजारी उभं राहायचं. लहानपणापासून ऐकत आलोय, रक्तातच आहे. बाथरूममध्ये प्रॅक्टिस केली. आवाज छान घुमतो.

बाबांना सांगितलं. त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं, 'नको.' मला वाटलं, संकोच. पुन्हा समजावलं. त्यांनी खाली पुन्हा 'नको' लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिताना कागद फाटला.

मग मी चिडलो. इतका की बायको आणि मुलगी दोघी दारात आल्या. म्हणालो, तुमच्यासाठी मी पंधरा दिवस वणवण करतोय. रजा टाकल्या, लोकांची बोलणी खाल्ली. म्हणालो, एकतीस वर्षं सगळ्या बाजाराला तुमचा आवाज मिळाला. पहाटे तीनला जायचात, दुपारी यायचात ते बसलेला घसा घेऊन. गरम पाणी प्यायचात आणि झोपायचात. आई आम्हाला म्हणायची, बोलू नका रे त्यांच्याशी, उद्या पुकारायचंय. माझ्या दहावीच्या निकालाला तुम्ही नुसती मान हलवलीत. मान! आमच्या वाट्याला कधी आवाज आला?

बाबा माझ्याकडे बघत राहिले.

हे लिहायचं नव्हतं. मूळ मुद्दा चार्जरचा आहे. पान फाडावं म्हटलं, पण मागच्या बाजूला ईमेलचा मसुदा आहे.

१८ मार्च, बुधवार. संध्याकाळी ६.३०

शांतपणे लिहितो. शांत होणं शक्य नाही, तरी लिहितो.

सकाळी सगळे बाजारात गेलो. नवी शेड, उंच पत्रा, वर पंखे, खाली पोत्यांच्या थप्प्या. व्यापाऱ्यांनी बाबांना हाताला धरून ओट्यावर चढवलं. जुने हमाल येऊन भेटत होते. एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने विचारलं, मशीन कुठंय? मी पुढे होऊन म्हटलं, मशीन तांत्रिक कारणाने येऊ शकलं नाही, मी बोलणार आहे. माइक मी आधीच हातात घेतला होता.

पहिला माल कोबीचा. वीस पोती. मी घसा साफ केला. तेवढ्यात बाबांनी थप्पीवर तळहात आपटला. असा आवाज झाला की अख्खी शेड गप्प झाली. मग त्यांनी उजवा हात वर केला, तीन बोटं. डाव्याची दोन, म्हणजे तीनशे वीस. समोरून कुणीतरी मान डोलावली. बाबांनी त्याच्याकडे बोट केलं, लगेच डाव्याची चार बोटं. दुसरीकडून हात वर. बोटं बदलली. भुवया, मान, खांदा, सगळं बोलत होतं. तीनशे माणसं आणि चिटपाखराचा आवाज नाही. मग एकजण खिदळला, कुणीतरी शिट्टी मारली, आणि भाव चढत गेला. बाबा ओट्यावर अक्षरशः नाचत होते. एवढं ताजंतवानं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी या बाजारात पूर्वी कधी आलोच नव्हतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आईने सांगितलेलं तेवढंच माहीत होतं.

पण माझं काय? माइक हातात धरून मी बाजूला खांबासारखा उभा. ठरलेलं काय आणि चाललंय काय! मी हात वर केला. थांबा, आधी मला दोन शब्द बोलू द्या, एवढंच म्हणायचं होतं. माइक बंद होता. बाबांनी माझ्याकडे बघितलं. बोटं एकाने वाढली. मी आणखी जोरात हात हलवला. बोटं आणखी वाढली. समोरचा व्यापारी माझ्याकडे बघून मागे सरला. मी दोन्ही हात वर केले.

बाबांनी थप्पीवर तळहात आपटला आणि माझ्याकडे बोट केलं.

टाळ्यांचा कडकडाट. वीस पोती कोबी माझ्या नावावर.

व्यापाऱ्यांनी हार घातला. उद्घाटनाची पहिली बोली घरचीच, काय योग, असं म्हणाले. बाबांनी हे मुद्दाम केलंय. कालच्या बोलण्याचा सूड आहे हा! गाडीत तसं बोलून दाखवलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

तेरा पोती बायकोने हमालांना आणि ओळखीपाळखीत वाटून टाकली. सात घरी. भाव तसा वाईट नव्हता.

२०, शुक्रवार

कोबी. सकाळ, दुपार, संध्याकाळ. बोलत नाहीये मी कुणाशी. बाबांशी तर मुळीच नाही. ऑफिसात ज्युनियरला दोन गड्डे दिले. त्याने विचारलं, सर, कुठल्या टेंडरचे?

२४ मार्च, मंगळवार

टॅबलेट दुरुस्त होऊन आला. सोबत कोपऱ्यावरच्या दुकानातली तीच डबी, बायकोने आणली. छापील भावापेक्षा कमीत. घासाघीस केलीस का, विचारलं. ती म्हणाली, त्याने स्वतःहूनच कमी केला. का, ते सांगितलं नाही.

चार्जर लावला. गरम होत नाही. स्क्रीन नाचत नाही. तासाभरात बाबा टाइप करायला बसले. मी समोरच बसलो होतो, मुद्दाम. सूड घेतला हे आता कबूल करतील, निदान दिलगिरी तरी. बराच वेळ टाइप करत होते. पुसत होते, परत करत होते.

शेवटी बाई बोलली. 'सूड नाही घेतला. एकतीस वर्षांत खोटी बोली मी कधी धरली नाही. तू हात वर केलास. तू कधी बाजारात आला नव्हतास. त्या दिवशी आलास आणि हात वर केलास. मला वाटलं, तुला माझ्याकडून काहीतरी हवंय.'

मी ताडकन म्हणालो, अहो, मी तुम्हाला थांबवत होतो! थांबवायला हात वर केला होता! कुणालाही कळेल!

बाबांनी पुन्हा टाइप केलं. या वेळी पटकन. 'थांबवायला हात वर करत नाहीत रे. नको असेल तर नुसतं गप्प राहायचं.'

यावर देण्यासारखं उत्तर माझ्याकडे आहे. नक्की आहे. आत्ता सुचत नाहीये एवढंच.

मी तिथेच त्यांच्यासमोर बसून राहिलो. बायको दोनदा येऊन विचारून गेली, बरं वाटत नाहीये का.